वेनेताला वेगळं काढताना

आमच्या गावात माणूस एकदा मेला की सुटला, असं होत नाही. गेला त्या दिवशी त्याचं पत्रक लागतं: वर फोटो, खाली नाव, वय आणि चार ओळी. चाळिसाव्या दिवशी दुसरं. मग तीन महिन्यांचं, सहा महिन्यांचं आणि शेवटी वर्षाचं. ही पत्रकं इमारतीच्या दारावर, बसथांब्यावर, मयताच्या जुन्या कामाच्या ठिकाणी आणि बाजारातल्या झाडांवर चिकटवतात. सगळ्या बल्गेरियात हीच रीत आहे. पण आमचं गाव डॅन्यूबच्या काठाला, जिथे रेल्वे संपते तिथे. तरुण मंडळी सोफियाला किंवा त्याच्याही पलीकडे गेली, म्हातारी तेवढी उरली आणि तीही एकेक करून भिंतींवर चढली. हल्ली बसची वाट बघताना ओळखीचं माणूस भेटतं ते बहुधा थांब्याच्या काचेवर.

जिल्ह्याच्या दैनिकाचं शेवटचं पान मी एकतीस वर्षं सांभाळलं. हवामान, शब्दकोडं आणि मयत. एवढ्या वर्षांत एकाही मयताचं नाव चुकलं नाही. वय एकदा चुकलं, पण ती चूक घरच्यांची नव्हती, माझीही नव्हती. त्या बाईंनी ती स्वतःच आयुष्यभर जपलेली होती. हे सांगायचं कारण एवढंच की माझ्या बायकोची, वेनेताची, आतापर्यंतची चारही पत्रकं चुकीची गेली.

मजकूर बरोबर होता. फोटो चुकीचा होता.

तो तिच्या ओळखपत्रावरचा. चष्मा काढा, हसू नका, भिंतीकडे सरका, असं सांगून पोलीस चौकीत काढलेला. त्यात वेनेता अशी दिसते की हिने शेजाऱ्याची मेंढी चोरली आहे आणि तिला त्याचा पश्चात्तापही नाही. तो हातात पडला त्याच दिवशी तिने मला बजावलं होतं, "ल्युबेन, मी मेले तर हा लावू नकोस. लावलास तर वरून खाली येऊन फाडीन." पण ती गेली त्या सकाळी अंत्यविधीच्या कचेरीने कागदपत्रांसाठी ओळखपत्र मागितलं, मी दिलं, आणि त्यांनी फोटोही त्याच्यावरूनच घेतला. एकदा त्यांच्या यंत्रात गेल्यावर तो दर खेपेला आपोआप येत राहिला. चार वेळा लागला. ती खाली आली नाही. मी वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही.

आता वर्षाचं पत्रक होतं. वर्षानंतर आमच्याकडे बहुतेक घरं थांबतात. हे शेवटचं पत्रक ऊन-पावसाने उतरेल तेव्हा उतरेल. शनिवारी स्मशानात वर्षश्राद्ध, शुक्रवारी सकाळी पत्रक. नेमका तोच शनिवार सगळ्या पितरांचा, म्हणजे कचेरीत झुंबड. सोमवारी मी खिडकीपाशी उभा राहिलो.

"फोटो बदलायचा आहे," मी म्हटलं.

"कशाला, साहेब?" खिडकीतल्या रुमेनाबाई म्हणाल्या. त्या मला पूर्वीपासून ओळखतात. रोज दुपारी चारला मयतांची यादी वर्तमानपत्राला त्याच कळवायच्या. "चांगला बसलाय की. चार वेळा छापलाय. यंत्राला पाठ झालाय."

मी दुसरा फोटो दाखवला. नऊ वर्षांपूर्वीचा, ऑगस्टमधला, नदीकाठी आमच्या दैनिकाच्या सहलीतला. वेनेता पांढऱ्या ब्लाउजमध्ये आहे, केस वाऱ्यावर आहेत आणि ती हसते आहे. तिचं हसताना तोंड पूर्ण उघडायचं, म्हणून कॅमेरा दिसला की ती हात आडवा धरी. ह्या एका फोटोत तिला कॅमेरा दिसलेला नाही.

"ह्या वेनेताबाई. आणि शेजारी?"

"मी."

"तुम्ही हयात आहात."

"सध्या आहे."

"मग चालायचं नाही. पत्रकावर हयात माणूस येत नाही."

"कडेने कापा मला."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "कसं कापणार? तुमची हनुवटी त्यांच्या केसांत आहे. हात मागून येऊन त्यांच्या पलीकडच्या खांद्यावर आहे. आमचं यंत्र चौकोनी कापतं."

"थोडीशी हनुवटी राहिली तर?"

"साहेब, गेल्या वर्षी एका पत्रकात हयात मेव्हण्याचा कान राहून गेला. नुसता कान. तीन आठवड्यांत तो शिडीवरून पडला."

"गेला?"

"नाही. पण पडला."

ह्यावर वाद घालता येत नाही. रुमेनाबाईंनी अटी सांगितल्या: एकच माणूस, चेहरा आणि खांदे, पाठीमागे कोरं पांढरं, गुरुवारी दुपारी बारापर्यंत. त्यानंतर आलं तर यंत्र जुनाच फोटो घेईल. बाहेर पडताना मला एकदम हुशारी वाटली. मुदत देणारं माणूस मला वर्षभर भेटलं नव्हतं.

घरी येऊन मुलीला फोन लावला. इल्याना स्पेनमध्ये सारागोसाच्या इस्पितळात परिचारिका आहे.

"बाबा, त्यात काय एवढं? फोनवरच होतं. माणसावर बोट ठेवायचं की माणूस आपोआप सुटून येतो. पाठवा मला."

मी पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: "झालं!" उघडून पाहिलं तर पाठीमागे कोरं पांढरं, कडा सफाईदार, आणि मधोमध अर्धं कलिंगड. ते आमच्या पुढच्या टेबलावर होतं. फोटोतली सगळ्यांत महत्त्वाची व्यक्ती तीच, असं फोनचं मत पडलं होतं. बिया मोजता येत होत्या. दुसऱ्या खेपेला मी सुटून आलो, वेनेताच्या एका कानासकट. तिसऱ्या खेपेआधी इल्यानाची इस्पितळातली ड्यूटी सुरू झाली.

"बाबा, मी यायला हवं होतं."

"रजा नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर. कलिंगड छान आलंय."

ती हसली आणि तिने फोन ठेवला. तिचं हसणं आईवर गेलेलं नाही.

मंगळवारी मी चौथ्या मजल्यावरच्या प्रोदानला गाठलं. प्रोदान इंजिनियर, आयुष्य पंपांच्या कारखान्यात गेलं. निवृत्त झाल्यापासून करकोच्यांचे फोटो काढतो. आमच्याकडे करकोचे विजेच्या तारांवर बसतात. प्रोदानला तारा आवडत नाहीत, म्हणून तो संगणकावर बसून तारा काढून टाकतो. त्याच्या घरात भिंतभर करकोचे आहेत आणि सगळे हवेत बसलेले आहेत.

"सोपं आहे," त्याने माझ्या संगणकात त्याचा फोटोंचा प्रोग्रॅम बसवत म्हटलं. माझा संगणक इल्यानाशी बोलण्यासाठी घेतलेला. त्याच्यावर एवढं मोठं काम कधी आलं नव्हतं. तो गुरगुरायला लागला. "आधी निवड करायची. ही जादूची कांडी. आभाळावर टेकव."

मी टेकवली. पडद्यावर तुटक रेघांची एक ओळ उमटली आणि सरपटू लागली.

"ह्या मुंग्या," प्रोदान म्हणाला. "मुंग्यांच्या कुंपणात जे आलं ते निवडलेलं. आता पुसून टाक."

त्या दिवशी आभाळ ढगाळ होतं, पांढरं. मुंग्या आभाळाभोवती फिरल्या, वेनेताच्या खांद्यावरून ब्लाउजवर उतरल्या, तो सगळा घेतला, गळ्यावरून वर चढल्या आणि थेट दातांत शिरल्या. मी पुसलं. आभाळ गेलं, ब्लाउज गेला, दात गेले. उरलेली वेनेता नव्वद वर्षांची आणि भलत्याच अवस्थेत होती. मी घाईघाईने पडद्यापुढे वर्तमानपत्र धरलं.

"तू कशाला बघतोस?" मी प्रोदानला म्हटलं.

"मी कुठे बघतोय? परत आण ना तिला. वरचं बटण, उलटा बाण."

मग फास वापरून पाहिला. फास म्हणजे हाताने रेघ ओढून माणूस घेरायचा. माझा उजवा हात चार वर्षांपासून थरथरतो. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात जे कधी केलं नव्हतं ते मी केलं: बायकोचा कान कापला.

"तू कापतोस हीच चूक आहे," प्रोदान म्हणाला. त्याने खुर्ची पुढे ओढली. "कापायचंच नाही. झाकायचं. फोटोवर एक पडदा घालायचा, त्याला मास्क म्हणतात. पडद्यावर काळा रंग लावलास की तिथलं दिसेनासं होतं. पांढरा लावलास की परत दिसतं. करडा लावलास तर अर्धवट दिसतं. पण खालचा फोटो आहे तसाच राहतो. जात काहीच नाही."

"काहीच?"

"काहीच नाही. मी तीन वर्षांपूर्वीच्या तारा आत्ता परत आणू शकतो."

"आणल्यास कधी?"

"कशाला आणू?"

मी त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. समजलं नव्हतं म्हणून नव्हे.

बुधवारी सकाळी नऊला मी काळा कुंचला घेऊन बसलो. पहिल्यांदा कलिंगड झाकलं. त्याच्यावर माझा राग होता. मग मांस भाजायच्या भट्टीचा धूर, मग मागे दिसणारी उपसंपादकाची पाठ. मग मी. टोपी, कपाळ, चष्मा, हनुवटी. स्वतःला नाहीसं करायला अकरा मिनिटं लागली, त्यांतली चार पोटाला. फार वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. शेवटच्या पानावर जागा कमी पडली की मी सगळ्यात आधी स्वतःचाच मजकूर कापत असे.

केसांना मात्र सहा तास लागले. केस काळ्याने झाकता येत नाहीत आणि पांढऱ्याने उघडता येत नाहीत. बारीक करड्या कुंचल्याने एकेक बट सोडवावी लागते. जिवंतपणी ती केस कापून आली की मला दोन दोन दिवस कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्या ताटाशेजारी कंगवा ठेवायची, तेव्हा लक्षात यायचं. आता तिची कुठली बट कुठून निघून कुठे जाते ते मी तोंडपाठ सांगू शकतो, आणि विचारणारं कोणी नाही.

दुपारी साडेतीनला वेनेता केसांसकट मोकळी झाली. तिच्या खांद्यावर एक हात तेवढा राहिला. मनगटाला संपलेला, चार बोटांचा. मी तोही झाकला. आणि तिच्या खांद्याला चार बोटांची पांढरी भोकं पडली.

प्रोदानला बोलावलं. त्याने भिंगातून पाहिलं.

"बरोबर आहे. हाताखाली ब्लाउज नाहीच."

"नाही कसा? मी तिच्या अंगावर पाहिलाय तो."

"तू पाहिलास. कॅमेऱ्याने हात पाहिला. हाताच्या मागे काय होतं ते फोटोला माहीतच नाही. इथे उघडण्यासारखं काही नाही, ल्युबेन. नवीन बनवावं लागेल."

नवीन म्हणजे अलीकडचा खांदा उचलायचा, आरशासारखा उलटवायचा आणि पलीकडे बसवायचा. प्रोदानने तो बसवला. नेमक्या त्याच वेळी दार वाजलं. आमच्या इमारतीच्या व्यवस्थापक झाफिराबाई. कस्टममधून निवृत्त झाल्या, पण कस्टम त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. खालच्या सूचनाफलकावर पत्रक लावायचं तर त्यांच्या वहीत नोंद लागते: मयताचं नाव, मजला, कागदाचा आकार, काढण्याची तारीख.

"बघू तरी काय लावताय," असं म्हणत त्या थेट संगणकापाशी आल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी फोटो पाहिला. मग म्हणाल्या, "ल्युबेनभाऊ, वेनेता वजनं उचलायची का?"

"खांदा जरा रुंद झालाय," प्रोदानने कबूल केलं.

"जरा? ह्या दारातून येणार नाही ती. आणि ही पडतेय कशाला?"

ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. फोटोत वेनेता माझ्यावर रेलली होती. मी निघून गेलो, पण ती रेललेलीच राहिली. पांढऱ्या कोऱ्या जागेवर, एका बाजूला कलून. प्रोदानने तिला माउसने फिरवून उभी केली. तर मान सरळ झाली आणि नजर छताला लागली.

"आता छताकडे बघून हसतेय," झाफिराबाई म्हणाल्या. "लोक म्हणतील शेवटी शेवटी बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला होता."

प्रोदानने तिला पुन्हा कलती केली. आता ती समासाकडे बघून हसत होती.

"मुळात ही हसत कुणाकडे बघून होती?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.

"मग तुम्ही कुठे आहात?"

"मला काढलंय."

झाफिराबाईंनी वही उघडली आणि मान खाली घालून बराच वेळ लिहीत राहिल्या. चार शब्दांची नोंद असते.

प्रोदान मनाने वाईट नाही. त्याने सुचवलं, "तिच्या शेजारी एक करकोचा बसवू का? निदान हसायला कारण मिळेल."

"पत्रकावर हयात कोणी चालत नाही."

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "तो अजून हयात आहे की नाही हे मला सांगता येणार नाही."

करकोचा नको म्हटलं. खांदा थोडा उतरवला. चांगला दिसत नव्हता, पण ही मेंढी चोरणारी बाई नव्हती. ही वेनेता होती. कुठेतरी भलतीकडे बघणारी, जरा फुगलेली, पण हसणारी. एवढं पुरे होतं.

गुरुवारी सकाळी प्रोदानने शेवटची तपासणी केली. कडा नीट झाल्यात का हे बघायचं तर पडदा उलटा करतात: काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. झाकलेलं उघडतं, उघडं झाकलं जातं, आणि कुठे धागा राहिला असेल तर दिसतो. त्याने उलटा केला, बारकाईने पाहिलं आणि तोंड भरून म्हणाला, "उत्तम." तेवढ्यात वरून त्याची बायको जिन्यात ओरडली की मिरच्या भाजायला ठेवून तू गेलास कुठे. त्याने घाईत फाइल जतन केली आणि धावला. मी ती पेनड्राइव्हच्या काडीवर उतरवून घेतली, बस पकडली आणि बाराला दोन मिनिटं असताना खिडकीपाशी पोचलो.

रांगेत चौदा माणसं होती. रुमेनाबाईंनी वर न बघता काडी लावली. "मजकूर तपासा."

मी तपासला. नाव, तारीख, वेळ, स्मशानाचा विभाग. तिसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम जास्त होता, तो काढून घेतला. फोटो पाहिला नाही. तीन दिवस मी दुसरं काय पाहत होतो?

शुक्रवारी सकाळी वर्षश्राद्धाला स्मशानात वाटायच्या उकडलेल्या गोड गव्हासाठी पिठीसाखर आणि अक्रोड आणायला मी खाली उतरलो. कचेरीचा माणूस सातलाच येऊन पत्रकं चिकटवून गेला होता. फलकापुढे झाफिराबाई उभ्या होत्या. माझी चाहूल लागताच त्या वळल्या आणि त्यांनी छातीवर क्रूस काढला.

"ल्युबेनभाऊ! तुम्ही... कसे आहात?"

"बरा आहे."

"नक्की?"

मी फलकाकडे पाहिलं. पत्रकावर मी होतो. टोपी घालून, तोंड पसरून हसत होतो. पुढे कलिंगड होतं, मागे धूर, धुरात उपसंपादकाची पाठ. माझा हात हवेत वळला होता, आणि त्या हाताच्या कवेत एक पांढरी कोरी जागा होती, बाईच्या आकाराची. सहा तास घालून सोडवलेली एकेक बट पांढऱ्यात लखलखीत उतरली होती. खाली ठळक अक्षरांत: "एक वर्ष झालं." मजकुरात एकही चूक नव्हती.

प्रोदान मागून आला. त्याने एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "उलटाच राहिला रे पडदा." मग जरा वेळाने, त्याला राहवेना म्हणून, हळूच म्हणाला, "कडा मात्र बघ."

तीस पत्रकं होती. मी पिशवी घेतली आणि गावभर निघालो.

बसथांब्यावर दोन बायका काचेपुढे उभ्या होत्या.

"हा तो शेवटच्या पानाचा ल्युबेन. गेला वाटतं बिचारा."

"अगं, पण नाव बायकोचं आहे."

"बायको तर फोटोत नाही."

"सोडून गेली असेल."

"हो," मी मागून म्हटलं. "गेल्या नोव्हेंबरात."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी पत्रक सोलून पिशवीत टाकलं. बस आली तेव्हा त्या दोघी पुढच्या दाराने चढल्या आणि मला मागचं दार मोकळं ठेवलं.

बाजारातल्या चीजवाल्याने माझ्या निधनाबद्दल मला भेटून दुःख व्यक्त केलं. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं की गोळ्यांची जुनी चिठ्ठी आता रद्द करायची का. मी प्रत्येकाला खुलासा देत होतो. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांचे खुलासे छापले, पण चौकटीत, लहान टायपात. तोंडी द्यायची सवय नव्हती.

शेवटचं पत्रक शिवणकामाच्या कारखान्याच्या फाटकावर होतं. वेनेता तिथे सत्तावीस वर्षं कापड बेतायची. म्हातारा पहारेकरी टोपी काढून पत्रकापुढे उभा होता.

"चूक झालीय," मी म्हटलं. "काढून नेतो."

"चूक?" तो म्हणाला. "मला वाटलं मुद्दाम केलंय. ताई कापड बेतायच्या ना, तेव्हा उरलेलं असंच दिसायचं. बाह्या गेल्या, पाठ गेली, माणूस निघून गेलं, आणि आजूबाजूचं कापड तेवढं राहिलं. पोती भरायचो मी त्याची." त्याने पत्रकाचा कोपरा अंगठ्याने दाबून धरला होता. "मला द्याल का हे?"

चुकीचा छापलेला कागद बाहेर जाऊ देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. मी घडी घालून त्याला दिला.

अकराला मी पुन्हा कचेरीच्या खिडकीपाशी होतो. रुमेनाबाईंना बातमी पोचली होती.

"साहेब, दोष तुमच्या फाइलचा."

"मान्य."

"पाच मिनिटांत नवीन छापते. यंत्रात जुना फोटो आहेच." त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावरून मेंढीचोर बाईने माझ्याकडे रोखून पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. हे शेवटचं पत्रक होतं. पाऊस पडेपर्यंत, पावसानंतरही, ती ह्या चेहऱ्याने बसथांब्यावर उभी राहणार होती.

मी काडी पुढे सरकवली. "ह्याच्यात मूळ फोटो आहे. सगळाच्या सगळा छापा."

"पण त्यात तुम्ही..."

"मी सकाळपासून मेलेलोच आहे, रुमेनाबाई. अर्ध्या गावाने दुःख व्यक्त केलंय. आता आणखी काय होणार?"

"आणि काही झालं तर? मला जाब विचारतील."

"झालंच, तर फोटो तयार आहे."

त्यांना हसू आलं नाही. रांग थांबवून त्या आत गेल्या आणि वरिष्ठांशी बोलून परत आल्या. वरिष्ठ म्हणाले होते, लेखी घ्या. पण ह्या कामाचा अर्जच नव्हता. शेवटी कबरीची जागा हस्तांतरित करण्याचा अर्ज निघाला, वरचं शीर्षक खोडलं, आणि मी खिडकीच्या फळीवर लिहिलं: "मी, खाली सही करणारा, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने, पत्नीच्या पत्रकावर तिच्या शेजारी राहत आहे."

रुमेनाबाईंनी वाचलं. "'राहत आहे' नको. त्याला पत्ता जोडावा लागतो. 'राहू इच्छितो' लिहा."

मी दुरुस्त केलं. दुरुस्तीवर वेगळी सही केली.

"आणि दोघांपैकी गेलंय कोण ते फोटोखाली आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा सकाळसारखं."

ही मात्र रास्त सूचना होती. आमच्या दैनिकात ओळीशिवाय एकही फोटो गेला नाही, आणि ओळ नेहमी डावीकडून सुरू होते. मी ती सांगितली, त्यांनी ती टाइप केली, मी दोनदा वाचली. ह्या खेपेला फोटोही पाहिला. वेनेता माझ्यावर रेलून, तोंड पूर्ण उघडून हसत होती, आणि हसायला समोर माणूस होता. खांदा तिचाच होता. कलिंगड राहिलं, त्याला इलाज नव्हता.

दुपारी इमारतीच्या फलकावर मी स्वतः पत्रक लावलं. झाफिराबाईंनी वहीतली नोंद खोडून नवी केली, चष्मा पुसला आणि फोटोखालची ओळ मोठ्याने वाचली: "डावीकडे: ल्युबेन, हयात."

"बरं झालं स्पष्ट लिहिलंत," त्या म्हणाल्या.

प्रोदान पाव आणायला निघाला होता. पत्रक दिसताच सवयीने त्याने टोपी काढली. मग ओळ वाचून परत घातली. मग वेनेताकडे त्याचं लक्ष गेलं आणि ती पुन्हा काढली. घालावी की काढावी हे त्याला ठरवता येईना. शेवटी टोपी हातात धरूनच तो पावाला गेला.

उरलेली एकोणतीस पत्रकं बगलेत घेऊन मी बसथांब्याकडे निघालो. तिथे पोचेपर्यंत तिघांनी मला थांबवून विचारलं, कसे आहात. मी तिघांनाही पत्रकातली फोटोखालची ओळ दाखवली.